दोन गाण्यांमधली जागा

१

लग्न ठरलं तेव्हाच नवऱ्याने मला सांगून ठेवलं होतं, की आमच्या घरात दिवसभर कुणाचा ना कुणाचा आवाज चालू असतो आणि तो घरातल्या कुणाचा नसतो. त्याचा धंदाच तसा. लोक जुन्या कॅसेटी घेऊन येतात. कुणाच्या आजोबांचं भाषण, कुणाचं लहानपणीचं बोबडं बोलणं, लांब राहणाऱ्या मामाने कागदाऐवजी कॅसेटवर बोलून पाठवलेली खुशाली. नवरा त्या कॅसेटी उघडतो, दुरुस्त करतो, वाजवतो आणि कॉम्प्युटरवर उतरवून देतो.

ह्या कामात घाई चालत नाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. मी आले तशी हळूहळू हाताखाली शिकले. कापसाच्या काडीने स्पिरिट लावून कॅसेट वाजवायच्या डेकचं हेड पुसायचं, कॅसेटचे इवले स्क्रू काढायचे, झिजलेला फेल्टचा तुकडा बदलायचा, मग हेडफोन लावून बसून राहायचं. उतरवून झालं की नवरा खरखर काढतो, दोन गाण्यांच्या किंवा दोन वाक्यांच्या मधली रिकामी जागा कापतो आणि गिऱ्हाइकाला स्वच्छ माल देतो. "शांततेचे पैसे कोण देतं," असं तो म्हणतो.

मला काम आवडलं, कारण बोलावं लागत नाही. मी मुळातच कमी बोलते. सासूबाईंना कमी ऐकू येतं. नवरा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "एक बोलत नाही, एकीला ऐकू येत नाही. आमच्याकडे भांडण होणारच कसं." गिऱ्हाईक हसायचं. आईसुद्धा हसायच्या, कारण ओठांवरून त्यांना सगळं कळतं. मीच तेवढी हसायचे नाही, मग सगळे माझ्याकडे बघून हसायचे.

काम मागच्या खोलीत चालतं. पाय ठेवायला जागा नाही अशी खोली. टेबलावर दोन डेक, कॉम्प्युटर, भिंतीला काचेचं कपाट, जमिनीवर कॅसेटींची खोकी. मी आल्यावर हट्टाने एक पंखा बसवून घेतला. बसवणाऱ्याने पातं कुठेतरी वाकवलं असावं, प्रत्येक फेऱ्याला 'टक्' व्हायचं. सासरी केलेला माझा पहिला हट्ट, त्यामुळे 'टक्' होतं हे मी कबूल करत नव्हते.

एवढ्या अडगळीत एक कोपरा मात्र मोकळा. खोकी एकावर एक चढली तरी तिकडे सरकवायची नाहीत.

"ओल येते तिथे," नवरा म्हणाला होता.

मी एकदा भिंतीवर हात ठेवून बघितला. खडखडीत कोरडी. नवीन होते, विचारलं नाही.

२

आई त्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडून आल्या आणि तशाच मागच्या खोलीत येऊन खोक्यावर बसल्या.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" मी तोंड त्यांच्याकडे करून विचारलं.

"म्हणाल्या, उरलंय ते वर्षभर पुरेल, फार तर. जपून वापरा म्हणे. जसा काही गॅसचा सिलिंडर."

मला हसावं की नाही कळेना. आईंनी पायातली चप्पल काढून हातात घेतली, परत पायात घातली.

"संपायच्या आत मला मोठ्याचा आवाज ऐकायचाय."

मोठा म्हणजे माझे दीर. मी ह्या घरात यायच्या आधीच ते एका तापात गेले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय, आणि फोटोतही त्यांनी केस तोंडावर घेतलेले, त्यामुळे अर्धंच पाहिलंय असं म्हणावं लागेल. मनातल्या मनात मी त्यांना भावजी म्हणायचे.

"आहे की तुमच्याकडे, आई. ह्यांनी उतरवून दिलेलं."

"ते ओरडणं झालं गं. मला साधा हवाय. 'चहा दे' म्हणताना असतो ना माणसाचा, तसला."

ह्यात एक मजा होती, म्हणजे मजा म्हणू नये, पण होती. जगाचे आवाज सांभाळणाऱ्या ह्या घरात स्वतःच्या माणसाचं साधं बोलणं कुणी भरून ठेवलेलं नव्हतं. भावजींचा आवाज उरला होता तो एका कॅसेटवर. ब्लॅक मेटल म्हणून संगीताचा एक प्रकार असतो. गिटार इतकी फाटकी वाजवायची की ती गिटार आहे हे विसरायला व्हावं, ड्रम पिसाळल्यासारखे आणि गाण्याऐवजी किंचाळणं. भावजींनी ते एकट्याने केलेलं, ह्याच खोलीत, पोत्यांनी खिडकी बंद करून. एकट्याच्या बँडचं नाव 'काजळखाण'. कॅसेटच्या कागदावर त्यांनी पेनाने लिहिलं होतं: 'गिटार, ड्रम, किंचाळणं आणि चुका, सगळं मीच.' हाताने काढलेल्या थोड्याशा कॉपी त्यांनी आपल्यासारख्याच वेड्यांना पोस्टाने पाठवल्या होत्या.

ते गेल्यावर नवऱ्याने मूळ कॅसेट उतरवली, साफ केली आणि आईंना दिली. आई ती कॉपी ऐकायच्या. स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, पोटच्या पोराचं किंचाळणं ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, "एवढा ओरडायचा, पण माझ्यावर आवाज कधी चढवला नाही हो."

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, "गाण्यांच्या मधे काही बोललेत का ते? तू कापलेल्या जागेत?"

तो सोल्डरिंग करत होता. धूर फुंकून बाजूला केला. "मधे काही नव्हतं."

"मूळ कॅसेट आहे?"

"आहे." त्याने सोल्डरिंगची काडी खाली ठेवली. "ऐकायची तर ऐक. मला सांगत बसू नकोस."

३

दुपारची वेळ. नवरा एक डेक पोचवायला गेलेला, आई जेवून पडलेल्या. मी हेड पुसलं, कॅसेट लावली, डोक्यावर हेडफोन चढवला.

आधी वाटलं डेक बिघडला. मग कळलं की हेच गाणं आहे. पत्र्यावरून घमेलं ओढत न्यावं तशी गिटार, तिच्यामागे जीव घेऊन पळणारे ड्रम आणि सगळ्याच्या पाठी, टाकीच्या तळाशी उतरल्यासारखा, एक माणूस ओरडत होता. शब्द कळायचा प्रश्नच नव्हता. पण ऐकत राहिले तसं लक्षात आलं, की ह्या गोंगाटाच्या पोटात एक साधी चाल आहे. तीनचार सुरांची. ती कुठेही जात नाही, घरातल्या घरात येरझाऱ्या घालणाऱ्या माणसासारखी फिरून तिथेच येते. मला ती आवडली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

गाणं संपलं. गिटार विरत गेली आणि टेपची सर्रर्र उरली. त्या सर्रर्रच्या मागे खोली होती. रिकाम्या खोलीला एक आवाज असतो, ह्या धंद्यात तो ओळखू यायला लागतो.

त्या खोलीत पंखा चालू होता. टक्. टक्.

भावजींच्या वेळी इथे पंखा नव्हता. माझ्या हट्टाने आला तो.

मी स्वतःला समजावलं. डोक्यावर पंखा फिरतोय, हेडफोन जुना, कडेने आवाज आत येतोय. उठून पंखा बंद केला, कॅसेट मागे घेतली, परत तीच जागा ऐकली. पंखा नाही. बघ, म्हटलं, बाहेरचाच होता. हुश्श करून मी खुर्चीत मागे टेकले आणि खुर्ची करकरली.

ती करकर मला दोनदा ऐकू आली. एकदा पाठीखाली, आणि एकदा हेडफोनमध्ये. हेडफोनमधली लांबून आली. डावीकडून, मागून.

टेबलावर चहाचा रिकामा कप होता. मी तो उचलला आणि ठेवला. हेडफोनमध्ये 'ठक्' लांबून आला.

मोकळ्या कोपऱ्यात कुणी बसलं असतं, तर त्याला माझा कप असाच ऐकू गेला असता. मी मान वळवली नाही. मी बसून ऐकतेय असं इतका वेळ समजत होते. खरं तर तिकडून मलाच ऐकलं जात होतं.

मग दुसरं गाणं कानात फुटलं आणि मी हेडफोन ओरबाडून काढला.

४

मी घाबरट नाही. घाबरले तरी आधी कारण शोधते, घाबरायचं नंतर बघते.

टेप वाजताना तिच्यावर नवीन काही भरलं जातंय का? शक्य नाही. गिऱ्हाइकाची कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून नवऱ्याने आमच्या दोन्ही डेकची रेकॉर्डिंगची वायरच कापलेली. बटण दाबलं तर नुसतं खाली जातं. खोलीत माइक? एकही नाही. माझे कान? माझ्या कानांवर तर घर चाललंय.

मग मी लांब्याला फोन लावला. लांब्या म्हणजे भावजींचा मित्र. पूर्वी कमरेपर्यंत केस होते म्हणे, आता बँकेत कॅशिअर आहे. त्याच्याकडे काजळखाणची एक कॉपी होती.

"वहिनी, तुम्ही काजळखाण ऐकताय?" तो म्हणाला. "लग्नात तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. मला वाटलं देवभोळ्या असाल."

"तुमच्या कॉपीत पहिल्या आणि दुसऱ्या गाण्याच्या मधे किती जागा आहे?"

"जागा? कसली जागा. एक श्वास घ्यावा एवढी. टेप वाया गेली की त्याचा जीव जायचा हो. थांबा, ऐकवतोच."

त्याने फोन स्पीकरला लावला. पहिलं गाणं संपलं, एक श्वास, दुसरं सुरू. मागून कुणीतरी बाई "बंद करा ते" म्हणाल्या. लांब्या म्हणाला, "बायको. तिला सूक्ष्म संगीत कळत नाही."

फोन ठेवून मी कॉम्प्युटरकडे वळले. दोन्ही वेळा कॅसेट वाजवताना मी ती उतरवून घेतली होती, सवयीने. पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो. भावजींची गाणी म्हणजे काळीकुट्ट, दाट कुंपणं, आणि मधली शांतता म्हणजे बारीक आडवी रेघ. दोन्ही वेळचे आलेख मी एकाखाली एक लावले.

रेघ वाढली होती. दुसऱ्या खेपेची पहिलीपेक्षा सरळसरळ लांब. टेपची लांबी तेवढीच. म्हणजे कुंपण तेवढं कमी झालं होतं. मी ती जागा वाजवून बघितली. पहिलं गाणं आता किंचाळीच्या मधेच थांबत होतं. तुटल्यासारखं नाही. माणूस बोलता बोलता आपणहून गप्प होतो, तसं.

५

पुढचे काही दिवस मी रोज दुपारी ऐकलं. का ऐकलं विचाराल तर आईंसाठी, आणि खरं सांगायचं तर त्या चालीसाठीही. ती रोज थोडी कमी व्हायची. रेघ वाढायची.

त्या जागेत कोपऱ्यातून माझीच खोली ऐकायला मी सरावले. माझं हेड पुसणं, माझा नाक ओढण्याचा आवाज. एवढा वाईट आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. स्वतःला बाहेरून ऐकणं फारसं सुखाचं नसतं. एकदा घसा खाकरला. हेडफोनमध्ये माझं खाकरणं लांबून आलं, आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी जवळून, कानाला लागून, कुणीतरी श्वास आत घेतला.

बोलायच्या आधी घेतात तसला श्वास.

आणि दुसरं गाणं आलं. जागा पुरली नाही.

पहिला विचार काय आला असेल? की अरेरे, थोडक्यात राहिलं.

दुसरा विचार वाईट होता. मी भावजींना ओळखतच नव्हते. मला माहीत होती ती किंचाळी, अर्धा फोटो आणि कागदावरची एक ओळ. कोपऱ्यात जे काही श्वास घेत होतं ते दुसरंच कुणी असलं तर? एका म्हाताऱ्या बाईचे उरलेसुरले कान मी कुणाच्या हवाली करणार होते? आईंनी तो आवाज ऐकला आणि तो त्यांच्या पोराचा निघाला नाही, तर पुढे आयुष्यभराच्या शांततेत त्यांच्या कानात तोच राहिला असता.

चहाच्या वेळी नवऱ्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "ऐकतेयस?"

"ऐकतेय."

"मग?"

"मधली जागा वाढतेय."

मला वाटलं होतं तो हसेल, किंवा टेप ताणली गेली असेल म्हणेल. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "दादा गेल्यावर मी ती उतरवायला बसलो. तिथेच, तुझ्या खुर्चीत. पहिलं गाणं संपलं आणि मला रडू आलं. जरा जोरातच रडलो." "ते मला हेडफोनमध्ये ऐकू आलं. त्या कोपऱ्यातून."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार. मशीनचा दोष म्हणालो आणि कापून टाकलं."

त्यानंतर मी धीर करून विचारलं, "दादा कसे होते? आईंना सांगतोस तसं नको, खरं सांग."

"कंजूष." तो आता जरा हसला. "टेपच्या बाबतीत. एकदा तो वाजवत असताना मी दारात खोकलो. अख्खं गाणं पुसलं आणि परत वाजवलं. त्याच्या टेपवर तो कुणाला खोकायलाही जागा द्यायचा नाही."

मी पडद्यावरच्या त्या वाढत गेलेल्या रेघेचा विचार केला. त्यांच्या हयातीत सख्ख्या भावाच्या खोकल्याला जागा नव्हती. आणि आता रोज थोडं थोडं गाणं मागे घेऊन कुणीतरी जागा करत होतं. कुणासाठी, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला ती गाणी द्यायचा काय अधिकार? ज्याची होती तोच देऊ शकत होता, म्हणजे भावजीच.

"उद्या आईंना बसवते," मी म्हणाले.

नवऱ्याने नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याझाल्या त्याने बाहेरचं काम काढलं.

६

आईंनी कानातलं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. मी हेडफोन त्यांना लावला, आवाज शेवटापर्यंत वाढवला. एकच हेडफोन होता, त्यामुळे मला ऐकू येणार नव्हतं. आवाज चढेल तशा उजवीकडे झुकणाऱ्या डेकच्या दोन सुया बघत मी त्यांच्या शेजारी बसले. सवयीने माउसकडे हात नेला, उतरवून घ्यावं म्हणून.

आईंनी माझा हात धरला. "भरून नको ठेवूस. भरून ठेवलेलं पुष्कळ ऐकलंय मी."

गाणं सुरू झालं. सुया उजवीकडे जाऊन आपटत राहिल्या. आई शेगडीपाशी बसतात तशाच बसल्या होत्या. मग सुया एकदम खाली पडल्या. जागा आली.

खोलीत काहीच आवाज नव्हता. पंखासुद्धा मला ऐकू येईना, इतकी मी त्या दोन सुयांकडे बघत होते. त्या तळाशी पडून होत्या. आईंच्या श्वासाबरोबर किंचित थरथरत होत्या, एवढंच.

आई म्हणाल्या, "कोण आहे?"

डाव्या सुईने मान वर केली. थोडीशीच. ओरडणाऱ्या माणसाची सुई अशी उठत नाही. ती उठली, थोडा वेळ हलत राहिली, बसली. परत उठली. साधं बोलणं असंच दिसतं, मी हजारदा पाहिलंय.

आईंचा हात माझ्या हातात होता. तो घट्ट झाला नाही. सैल पडला. ओळखीच्या माणसाला बघून खांदे उतरतात तसा.

"मी आहे ना," आई म्हणाल्या. मग, "हो." मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग जरा रागावून, "आता मी काय करू त्याला? तिने बसवलाय."

मी समोर काचेच्या कपाटात पाहिलं. मुद्दाम नाही. नजर गेली. काचेत आई होत्या, मी होते, आमच्या मागे मोकळा कोपरा होता. कोपऱ्यात, बुटक्या स्टुलावर बसल्यावर येईल त्या उंचीवर, एक गुडघा होता. फिकट पडलेल्या पँटचा. तो भराभर वरखाली होत होता, ड्रम वाजवणाऱ्यांना बसल्या जागी सवय असते तसा. गुडघ्याच्या वर काय आहे ते बघायला मला मान जरा उचलावी लागली असती.

मी उचलली नाही. मी परत सुयांकडे बघत बसले. मांडीवर आईंचं यंत्र होतं, ते हातातल्या घामाने भिजलं.

सुया तळाला गेल्या, आणि मग दुसऱ्या गाण्याने एकदम उजवीकडे आपटल्या. आईंनी हेडफोन काढला आणि केस नीट केले.

मी यंत्र पुसून त्यांच्या कानात बसवलं. "काय म्हणाले?"

"काही नाही गं, साधंच." त्या डोळे टिपत होत्या आणि हसतही होत्या. "म्हणाला, पंख्याचा आवाज येतोय. तिला सांग, पातं वाकलंय, हाताने सरळ होईल."

७

पातं हाताने सरळ झालं.

नवऱ्याने स्टुलावर चढून ते केलं. नंतर तो आईंपाशी जाऊन बसला आणि त्यांच्या कानाशी, मोठ्याने, म्हणाला, "मी तेव्हा ते कापलं, आई. मला वाटलं दोष आहे."

"कापलंस म्हणून गाणी तरी राहिली," आई म्हणाल्या. "त्याची मेहनत तुझ्याकडे आहे, तो माझ्याकडे आहे. बरं झालं की."

ते खरं होतं. जुन्या साफ कॉपीत सगळी गाणी शाबूत आहेत. कॅसेटवर मात्र रोज जागाच वाढत गेली. आई रोज दुपारी बसायच्या. मी कॅसेट लावून द्यायचे आणि बाहेर जायचे, कारण ते त्यांचं बोलणं होतं. दार लोटताना काचेकडे बघायचं नाही एवढं पाळलं. कधी आईंचं हसू ऐकू यायचं. कधी "गप रे." घरात त्या जरा जास्त जेवायला लागल्या. नवरा एकदोनदा दाराबाहेर उभा राहिला. एकदा मी बाजारातून आले तर तो आत आईंच्या शेजारी जमिनीवर बसला होता, हेडफोनशिवाय, नुसता.

मला भीती वाटायची थांबली असं नाही. पाठ कोपऱ्याकडे करून काम करताना मानेवर अजून काटा येतो. पण मी एक बघितलंय. माझ्या माहेरी जिवंत माणसं एका खोलीत बसून एकमेकांना एवढी जागा देत नव्हती.

वर्ष सरलं तसे आईंचे कान गेले. डॉक्टरीणबाईंनी यंत्र परत घेतलं, आता त्याचा उपयोग नाही म्हणाल्या. मला वाटलं, दुपारचं बसणंही संपेल. पण दुसऱ्या दिवशी आई नेहमीच्या वेळी येऊन खोक्यावर बसल्या आणि हेडफोनसाठी डोकं पुढे केलं. मी लावला. सुया उठल्या, बसल्या. आई मान हलवत होत्या, आणि सुई थांबली की बोलत होत्या, बरोब्बर. बाकी कशाचाच आवाज त्यांना आता येत नाही. माझा नाही, नवऱ्याचा नाही, दाराचा नाही. तो येतो.

काल दुपारी कॅसेटवर एकही गाणं उरलं नाही. मी सुयांवरून सांगतेय. दोन्ही बाजू पालथ्या घातल्या, कुठेही ती उजवीकडची आपट नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती खोली.

आई आज नेहमीपेक्षा लवकर उठल्या. हेडफोन काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. ऐकू येत नसल्यामुळे त्या हल्ली जरा मोठ्याने बोलतात.

"घे. तुला बोलावतोय."

मी ओठ हलवून विचारलं, "मला? का?"

"मी काय सांगू. तुमचं तुम्ही बघा." आणि त्या चपला सरपटवत स्वयंपाकघराकडे गेल्या. जाताना दार लावून घेतलं.

टेप फिरत होती. सुया तळाशी होत्या. मागे कोपऱ्यात शांतता होती, पण ती कुणी नसल्याची नव्हती. दुसऱ्याला बोलू द्यावं म्हणून कुणी गप्प राहतं, तशी होती. हेडफोनचा स्पंज आईंच्या कानांनी कोमट झाला होता.

ह्या घरात आल्यापासून मी आपणहून कुणाशी पहिलं बोलले असेन असं मला आठवत नाही. मी कोपऱ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "भावजी, आईंसाठी तुम्ही खूप केलंत."

डावी सुई अगदी हलकी उठली.

मग मी हेडफोन लावला.